एक नंबरची प्रत

थोरा एंगर शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षे होती. चारशे मुलांचे जेवण, तीन बायका, एक भट्टी. मोठी पातेली ती स्वतः घासायची, कारण दुसऱ्यांनी घासलेली तिला पटत नसत. मी कागदाच्या गिरणीत कटिंग मशीनवर होतो. ती समोरच्या घरात राहायची. नवरा लवकर गेला, मूल नव्हते. आमची ओळख कामावरून झाली. तिला काटकोनात कापलेला कागद हवा होता आणि आमच्या गावात तो माझ्याइतका नेटका कोणी कापत नव्हते.

कागद गोष्टीसाठी हवा होता. हेस्टर व्हॅलेंट नावाची एक लेखिका दूर पूर्व किनाऱ्यावर राहत होती. तिने नऊ नावाड्यांची गाथा लिहायला घेतली होती. धुक्याची एक नदी, तिच्यावर नऊ नावाडी. प्रत्येक पुस्तकात एक नावाडी पलीकडच्या काठाला जातो आणि मरतो. आठ पुस्तके आली होती. नवव्याची वाट पाहणे चालू होते.

दुसऱ्या पुस्तकात एक ओळ आहे. नावाड्यांची वल्ही एक आंधळी बाई घडवायची. एवढेच. तिला नाव नाही, पुढे कुठे उल्लेख नाही. थोराने ती ओळ उचलली. बाईला ब्रिता नाव दिले, नदीकाठी घर दिले, बोटांवर रंध्याचे व्रण दिले. चौदा वर्षे ती ब्रिताबद्दल लिहीत राहिली. दिवसाला एक पान. शाळेतून आल्यावर, हात धुऊन.

व्हॅलेंटबाईंची याला हरकत नव्हती. त्यांचे पत्र थोराच्या स्वयंपाकघरात चौकटीत लावलेले होते. माझ्या नदीवर खुशाल होडी घाला, नफा घेऊ नका, आणि छापाल त्याची एक प्रत मला पाठवा. खाली सही.

छापण्याचे काम ल्युथरन चर्चच्या तळघरात चाले, वर्षातून दोन शनिवार, सकाळी आठपासून. तिथे एक सायक्लोस्टाईल यंत्र होते. थोरा स्टेन्सिल घरून टाइप करून आणायची. मी यंत्राचा दांडा फिरवायचो. शाई कमी झाली की दांडा हलका होतो, तेव्हाच थांबायचे असते. थांबला नाहीत तर पुढची दहा पाने वाया. छापलेली पाने लांब टेबलावर क्रमाने मांडायची, आणि बायका टेबलाभोवती फिरत एकेक पान उचलून अंक जुळवायच्या. सगळ्यांत पुढे बर्निस प्रुस्की. ती शाळेची बस चालवायची आणि टेबलाभोवतीसुद्धा बस चालवल्यासारखीच फिरायची.

"पाय उचला, बायांनो! मागून गाडी येतेय!"

"हॉर्न तरी दे आधी," थोरा म्हणायची.

पहिला अंक पुरा होईपर्यंत मात्र कोणी बोलत नसे. तो जुळला की पिना मी मारायचो. आतल्या बाजूला सगळे सह्या करायचे. थोरा निळ्या शाईने कोपऱ्यात एक आकडा घालायची, आणि तो अंक तिथेच बांधला जायचा. एक नंबरची प्रत व्हॅलेंटबाईंची. ती कोणी चाळायची नाही. दोन नंबर बर्निसचा. पुढचे ज्यांनी आधी नाव दिले त्यांचे. एकूण नव्वद.

महिन्याभरात व्हॅलेंटबाईंचे कार्ड यायचे. त्यावर मजकूर नसे. पेन्सिलीने काढलेले एक छोटे वल्हे असे.

१९८८च्या सप्टेंबरात आम्ही सत्ताविसावा अंक छापायला घेतला. ब्रिताची गोष्ट त्यात संपणार होती. त्या सकाळी बर्निस एक कागद हलवत खाली आली. व्हॅलेंटबाईंचे त्रैमासिक पत्रक वाचकांना टपालाने यायचे, ते होते.

"यंत्र थांबव, आर्व्हो. हे ऐका." तिने वाचून दाखवले. यापुढे माझ्या नदीवर लिहिलेले काहीही मला पाठवू नये. आलेले पाकीट उघडले जाणार नाही. आजवर दिलेली परवानगी ही सवलत होती, ती परत घेण्यात येत आहे.

"हे नवीनच," मी म्हणालो.

"नवीन कसलं? सगळीकडे हेच चाललंय. एक लेखक म्हणतो लिहा, पण माझ्या कानावर येऊ देऊ नका. दुसरी म्हणते माझी माणसं म्हणजे माझी पोरं, हात लावाल तर याद राखा. आपलीच एक बरी होती."

थोराने कागद घेतला, दोनदा वाचला, घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवला.

"हे अनोळखी लोकांसाठी असेल," ती म्हणाली.

"अगं, स्वच्छ लिहिलंय. काहीही पाठवू नये."

"तिच्या नदीवर छापायचं आणि तिलाच द्यायचं नाही? त्याला चोरी म्हणतात, बर्निस. माझ्या आईनं मला शेजारणीचं भांडं रिकामं परत करायला शिकवलं नाही."

बर्निस टेबलाकडे वळली. मी दांडा फिरवायला लागलो.

तीन आठवड्यांनी पाकीट पोस्टात मी नेले. थोराच्या गुडघ्याला सूज होती. वजन केले, दोरी आवळून बांधली, खिडकीतून आत दिले. नियम काय झाला होता ते मला माहीत होते. दोरीची गाठ चांगली बसली आहे की नाही, एवढेच मी पाहिले.

कार्ड आले नाही. ऑक्टोबर गेला. थोरा दर शनिवारी अकरा वाजता, टपालाची गाडी येते त्या वेळी, खिडकीशी उभी राहायची. शाळेत त्या महिन्यात तिने दोनदा रस्सा करपवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

नोव्हेंबरात एक पातळ, पिवळसर पाकीट आले. वकिलाचे होते. त्यात तीन ओळी होत्या. आपण पाठवलेल्या मजकुराबद्दल बोलायचे आहे, तोवर त्याची एकही प्रत कोणाला देऊ नये, आमचा माणूस येईल.

तो आठ दिवसांनी आला. रेडफर्न नाव. तरुण होता, बूट शहरी, बर्फाने भिजलेले. थोराने मला बोलावून घेतले होते. तिने कॉफी दिली. त्याने घेतली. वेलदोड्याचा गोड पाव पुढे केला, त्याला त्याने हात लावला नाही.

"मिसेस एंगर, तुम्ही काही वाईट केलंत असं कोणी म्हणत नाही."

"मग एवढ्या निसरड्यातून आलात कशाला?"

"नियम जाहीर झाल्यावर तुमचं पाकीट त्यांच्या घरी गेलं."

"एक नंबरची प्रत त्यांचीच असते."

"तीच तर अडचण आहे." त्याने बशी थोडी सरकवली. "समजा, नवव्या पुस्तकात वल्ही घडवणारी बाई आली."

"यायलाच पाहिजे ती."

"का?"

थोराने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "गोष्ट तिकडेच चाललीय म्हणून."

"आपण कोण?"

"मी कागद कापतो."

त्याने मान हलवली आणि पुन्हा तिच्याकडे वळला. "ती आली, तर तुम्ही कोर्टात म्हणू शकता की ही माझ्याकडून घेतली. पाकीट त्यांच्या दारात पोचलंय. पोस्टाची नोंद आहे."

"मी असं म्हणेन?"

"आज नाही म्हणणार. उद्या तुमचा वारस म्हणेल."

"मला वारस नाही. मांजर आहे."

तो हसला नाही. त्याने कागद काढले आणि एकेक कलम सांगितले. ब्रितावर थोराने पुन्हा लिहायचे नाही. लिहिलेले कोणाला दाखवायचे नाही. शेवटच्या अंकाच्या प्रती वाचकांकडून परत मागवायच्या. त्या, घरातले सगळे जुने अंक, हस्तलिखिते आणि स्टेन्सिले नष्ट करायची. शेवटच्या अंकाची प्रत कोणाकडे उरली आहे असे माहीत नाही, हे लिहून द्यायचे. व्हॅलेंटबाईंकडे आलेल्या प्रतीही पाठवून देऊ, त्यांचेही तेच करायचे. नष्ट केल्याचे साक्षीदाराने शपथेवर सांगायचे.

"आणि ते नावही सोडायचं," तो म्हणाला.

"ब्रिता? ते माझ्या आजीचं नाव आहे."

"त्या बाईसाठी वापरायचं नाही, एवढंच."

"आणि सही नाही केली तर?"

"तर प्रकाशक नववं पुस्तक हातात घेणार नाहीत. मार्चअखेरपर्यंत वाट पाहतील." तो उठला. "धमकी समजू नका. आहे ते सांगतोय."

थोराने दाराशी विचारले, "त्यांनी वाचलं का हो?"

"पाकीट उघडलेलंच नाही," तो म्हणाला. हातमोजे चढवत होता, वर पाहिले नाही.

त्याच्या गाडीच्या खुणा बर्फात दोन दिवस राहिल्या.

थोराने एकोणनव्वद पत्रे हाताने लिहिली. प्रती परत यायला लागल्या. काहींत चिठ्ठ्या होत्या. एकाने लिहिले, तुझ्यामुळे आम्हाला नववे पुस्तक मिळणार नाही, हे लक्षात ठेव. एकीने नुसते विचारले होते, तुला पाठवण्याची काय गरज होती? थोरा चिठ्ठ्या वाचून अंकांवर ठेवायची आणि कामाला जायची. शाळेतल्या बायका तिच्याशी नीट बोलत होत्या, पण जरा जास्तच नीट.

फेब्रुवारीत मोठे खोके आले. सोबतच्या पत्रात लिहिले होते की व्हॅलेंटबाईंकडे असलेल्या सर्व प्रती परत करत आहोत, पैकी शेवटची न उघडता. खोके मी फोडले. बर्निसही होती. सत्तावीस अंक होते, सगळ्यांवर निळा एक. कोणीतरी कपाटातून उचलून भरले होते, पाहिले नव्हते. जुन्या अंकांचे कोपरे हाताळून मऊ झाले होते. सत्ताविसावा पाकिटात नव्हताच. मी बांधलेली दोरी त्याच्याभोवती सैल गुंडाळलेली होती. गाठ माझी नव्हती.

थोराने तो उघडला. समासात पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, पानामागून पान. ती शेवटच्या पानावर गेली आणि तिथे थांबली. मग अंक आमच्याकडे वळवला. मजकुराखाली पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता. हो.

बर्निसने टेबलावर हात आपटला. "मानगूट हातात आलीय त्यांची! उघडलंच नाही म्हणे! थोरा, सही करू नकोस. हे पान घेऊन आपण चांगला वकील गाठू."

"ती हो म्हणालीय, बर्निस."

"तेच तर मी सांगतेय!"

"तुला ऐकूच येत नाहीये. ब्रितानं जे केलं, त्याला ती हो म्हणालीय. म्हणजे तिच्याही मनात तेच आहे. मी भांडत बसले तर ते पुस्तक कधीच यायचं नाही. मी सही केली की ती मोकळी. मग ब्रिता येईल."

"तुझ्या नावाशिवाय!"

"माझं नाव शाळेच्या दारावर पण नाही. मुलं जेवली ना?"

"मूर्ख आहेस तू. चौदा वर्षं फुकट देतेस, आणि वर त्यांना थँक्यू म्हणशील."

"तुझी प्रत अजून आली नाही," थोरा शांतपणे म्हणाली. "दोन नंबर."

बर्निसने कोट उचलला. "पाठवीन," म्हणाली आणि गेली. त्यानंतर त्या दोघी बोलल्या नाहीत.

थोराने मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सही केली. वाचकांच्या पत्त्यांची वही कोणी मागितली नव्हती, तीही तिने गठ्ठ्यावर आणून ठेवली. साक्षीदार मी.

कापण्याआधी पिना काढाव्या लागतात. एक पिन राहिली तर पात्याला दात पडतो आणि पुढचा प्रत्येक काप ओरखडा घेऊन येतो. मी दोन दिवस स्वयंपाकघरात पक्कड घेऊन बसलो. चौदा वर्षे मी ती पाने छापली होती, शाई सारखी बसली का हे पाहिले होते, वाचली कधीच नव्हती. त्या दोन दिवसांत वाचली.

शेवटी काय होते ते सांगतो. ब्रिता नवव्या नावाड्याचे वल्हे घडवते. लाकूड तिला हाताने कळते. ती आतून एक चीर ठेवते, वरून घासून बंद करते. नावाडी निघतो, आणि काठापासून चार हातांवर वल्हे मोडते. तो परत येतो. ओल्या अंगाने तिच्या दारात उभा राहतो, आणि तिला मार पडेल की काय ते कळत नाही. तिथे गोष्ट संपते.

मला पुस्तकांतले फारसे कळत नाही. पण काम केलेले आहे हे मला ओळखता येते.

पिना काढताना आकडेही दिसत होते. परत आलेल्या प्रती त्र्याऐंशी; पाच हरवल्याचे वाचकांनी कळवले होते. दोन नंबर त्यात नव्हता. शपथपत्रावर लिहिले होते, माझ्या हाती आले ते सर्व नष्ट केले. माझ्या हाती तो आला नव्हता. थोराने आकडे तपासले नव्हते, आणि मी तिला बोललो नाही.

शनिवारी फोरमनने मशीन वापरू दिले. गठ्ठा चारी बाजूंनी ठोकून सरळ केला, दाब आणला, पाते सोडले. अर्ध्या अर्ध्या इंचाच्या पट्ट्या, मग आडवे. स्टेन्सिले मेणकट असतात, ती वेगळी कापली. एक नंबरचे सत्तावीस अंक शेवटी घेतले. ते पान मी वेगळे काढू शकलो असतो. आसपास कोणी नव्हते. पण साक्षीला माझे नाव होते आणि मी अर्धे काम कधी केलेले नाही. सगळे लगद्याच्या टाकीत गेले. टाकीत ते फिरताना मी पाहिले. निळी शाई आधी सुटली.

नववे पुस्तक १९९१मध्ये आले. थोराने दोन दिवसांत वाचले आणि माझ्या दारात आणून ठेवले.

"वाच," म्हणाली.

नववा नावाडी भिंतीवरून वल्हे उतरवतो. ते कोणी घडवले, काही नाही. त्याच्या घराशेजारी एक घर आहे, त्याचे दार बंद आहे. नदीवर जाताना तो त्या दाराला वळसा घालून जातो, कारण सांगितलेले नाही. झाकलेल्या विहिरीवरून माणूस जात नाही, तसे त्या पुस्तकात जागोजागी आहे. वल्हे मोडत नाही. तो पलीकडे जातो आणि मरतो. दुसऱ्या भागातली ती एक ओळसुद्धा नव्या आवृत्तीतून काढली होती. शेवटच्या पानावर नियम छापला होता. या नदीवर, तिच्या काठावर, तिच्या माणसांवर कोणीही काहीही लिहू नये.

मी पुस्तक परत द्यायला गेलो. ती ओट्यावर बसली होती.

"आर्व्हो, सगळं कापलंस तू?"

"कापलं."

"सगळंच?"

"पिना काढून."

"एक नंबरचा शेवटचा अंक?"

"तोही."

तिने माझ्या हातांकडे पाहिले. "मला वाटलं होतं..." म्हणाली. तिने मांजराला आत घेतले.

तिला काय वाटले होते ते मला घरी येऊन, बूट काढताना समजले. दुसऱ्या कोणीही ते एक पान मागे ठेवले असते. तिने ते काम मला त्याच भरवशावर दिले होते. आणि बर्निसने दोन नंबर परत दिला नाही, हेही मला तिला सांगता आले नाही. सांगितले असते तर तिने सही केलेला कागद खोटा ठरला असता. ती त्यानंतर एकोणीस वर्षे जगली आणि टाइपरायटरचे झाकण तिने काढले नाही. मला वर्षातून एकदा तरी विचारायची, सगळं कापलंस ना. मी दर वेळी हो म्हणायचो.

थोराला जाऊन चार वर्षे झाली. गेल्या महिन्यात माझ्या पेटीत पातळ, पिवळसर पाकीट आले. व्हॅलेंटबाईही आता नाहीत, वकिलांची कचेरी आहे. इंटरनेटवर कोणीतरी एका आंधळ्या बाईची गोष्ट टाकली आहे, जुन्या सायक्लोस्टाईल पानांचे फोटो काढून. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात निळ्या शाईत आकडा दिसतो. दोन. साक्षीदार म्हणून आपण शपथ घेतली होती. ही प्रत कोणाची, ते कळवावे.

बर्निस चौऱ्याऐंशीची आहे. गावातच, चर्चच्या मागे राहते. मी गेलो, पाकीट दाखवले.

"मग? सांगणार त्यांना?" तिने विचारले. "तू तर काय, शपथेचा माणूस."

"तू टाकलंस ते?"

"नातीनं टाकलं. मी सांगितलं म्हणून. फोटो वाकडे आलेत, तुला आवडणार नाहीत."

फोटो वाकडेच होते. दोन पाने उलटी लागली होती. मी तिच्या नातीच्या यंत्रावर सगळी वाचली, वल्हे मोडून तो दारात येतो तिथपर्यंत. खाली अनोळखी लोकांनी लिहिले होते, पुढे काय झालं?

घरी येऊन मी उत्तर लिहिले. अंक फार होते, आकडे कोणाचे ते आता आठवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काम असे ढिले केले. पाकीट चिकटवले, पोस्टात नेले, वजनही केले नाही.

त्यांचे पुन्हा येईल. थोराच्या खिडकीत आता दुसऱ्यांचे पडदे आहेत, म्हणून मी माझ्याच खिडकीशी उभा राहतो, अकरा वाजता. टपालाची गाडी वळणावरून येते. रोज ती पुढे निघून जाते. आज ती माझ्या पेटीपाशी हळू झाली.